जमत नाही, ह्याचा कागद

खानापूर स्टँडवर, कंट्रोल रूमच्या जाळीमागं
परशराम कंग्राळकर उद्याचा ड्युटी चार्ट मांडत बसलेला.
अडतीस ड्रायव्हर, एक्केचाळीस फेऱ्या.
काय चाललंय विचारलं की मान न उचलता म्हणतो,
"जुळवूलालोय की ओ सर."

मुल्लाचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय,
कणकुंबीची मुक्कामाची गाडी त्याला नको.
बसाप्पाला मंगळवार मोकळा पाहिजे, सौंदत्तीसाठी.
गुरव आणि डिसोझा एका गाडीवर चढत नाहीत,
मधे कधीचा तरी चाळीस रुपयांचा हिशेब आहे.
एकाला सोडवलं की दुसरा अडकतो.
खोडरबर झिजतं, कागद विरतो.
साडेनवाला चार्ट जाळीवर लागतो
आणि तपासायला कुणालाही एक चहा पुरतो:
बोट खाली सरकतं. नाव, गाडी, वेळ. बरोबर.

सकाळी बेळगावात, तिसऱ्या मजल्यावर, मी हेच शिकवतो.
फळ्यावर एक यंत्र काढतो,
दर फाट्याला दोन्हीकडं जाणारं.
हजारांतली एक वाट दारापर्यंत पोचली
तर उत्तर हो.
उरलेल्या कुठल्या रानात बुडाल्या
कुणी विचारत नाही.

सुनंदा मुचंडी विचारते, "सर, हे यंत्र नशीबवान असतं
की एकाच वेळी सगळीकडं असतं?"

नशीब म्हणावं तर ह्यात फासा नाही.
सगळीकडं म्हणावं तर इतके पाय कुणाचे?
देव कानात सांगतो म्हणावं,
तर देवाचं सांगणंही हे ओळीओळीनं पडताळून घेतं;
असा भक्त कुठल्या देवळात खपेल?
मी म्हणालो, हे यंत्र कुठंच नसतं.
ही एक बोलायची रीत आहे:
'असा एक चार्ट आहे.'
कसा सापडला, ते ह्या वाक्यात येत नाही.

"म्हणजे 'आहे' हे क्रियापदच यंत्र."
मी खडू खाली ठेवला.
तास संपायला अकरा मिनिटं होती.

मग 'नाही'चं काय?

गेल्या वर्षी तापाची साथ आली, नऊ ड्रायव्हर घरी.
कंग्राळकर फोनवर म्हणाला, "आगंगिल्ल, साहेब."
तिकडून डिव्हिजन ऑफिस: एकदा अजून बघा.
तो बघत राहिला.
टोपलीत चुरगळलेले कागद, आणि प्रत्येक कागद
फक्त स्वतःपुरता खोटा.
पहाटे दोनला तो जाळीतून माझ्याशी बोलला,
की स्वतःशीच:
"जमतंय म्हणायला कागद असतो ओ.
जमत नाही, ह्याला मी कुठला कागद आणू?"

त्या सकाळी आमटे फाट्यावर सहा पोरं उभी होती.
गाडी आली असती तर लगेच कळलं असतं:
धूळ, मग हॉर्न, मग पाटी.
ती येणार नाही हे मात्र
कुठल्या मिनिटाला कळतं?
आठला? सव्वाआठला?
फाट्यावरची पाटी आजवर तीनदा रंगवली,
दर वेळी लिपी मागंपुढं झाली.
थांबा तिथंच आहे. ह्या भागात
उभं राहायला कुणी शिकवावं लागत नाही.

परवा मी त्याला खरं सांगून टाकलं.
शोधणं तपासण्याहून मुळातच अवघड आहे,
हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.
एखादी सोपी युक्ती असेलही,
कुणाला दिसली नसेल.

त्यानं पेन्सिल कानावर ठेवली.
"म्हंजे माझी सव्वीस वर्सं फुकट असू शकतात?"

असू शकतात, म्हणालो.

"बरं," म्हणाला, आणि जाळीतून
हात बाहेर काढला, तळवा वर,
गाडीची पावती मागावी तसा.
"कागद दाखवा."

बाहेर बेळगावची शेवटची गाडी लागली होती.
मी धावलो.